ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: दुरुस्ती, रीबिल्ड की बदली? तीन कोटेशनांत तिपटीचा फरक

रस्तामापी

नमस्कार. माझी गाडी दहा वर्षे जुनी आहे. ती पुढच्या चाकांवर चालते आणि तिला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सकडे पोहोचवणारा भाग) असलेला सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. इंजिन, सस्पेन्शन आणि बॉडी यांची मला काहीच तक्रार नाही. मात्र काही महिन्यांपासून दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना इंजिनची रेस क्षणभर उगाच चढते आणि मग झटका बसून गिअर लागतो. गाडी थंड असताना हे जवळजवळ जाणवत नाही. चांगली तापली की प्रत्येक वेळी होते. रिव्हर्स टाकल्यावरही गाडी हलायला दोन-तीन सेकंद घेते.

तीन ठिकाणी चौकशी केली. पहिल्या ठिकाणी गिअरबॉक्स उतरवून रीबिल्ड करावा, म्हणजे पूर्ण खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधावा लागेल असे सांगितले. त्यांचा आकडा शंभर धरला, तर कारखान्यात पुन्हा तयार केलेला म्हणजे रीमॅन्युफॅक्चर्ड गिअरबॉक्स बसवून देणाऱ्या दुसऱ्या वर्कशॉपचा आकडा एकशे पासष्ट येतो. तिसऱ्या ठिकाणी अपघातग्रस्त गाडीतून काढलेला वापरलेला गिअरबॉक्स पंचावन्नमध्ये बसवून मिळेल म्हणतात. तिघांनीही गाडी एकदा चालवून पाहिली आणि स्कॅनर लावला. याहून अधिक तपासणी कोणीच केली नाही.

एकाच आजाराच्या खर्चात इतका फरक का पडतो, यांपैकी कोणता मार्ग शहाणपणाचा, आणि एवढ्या जुन्या गाडीवर हा खर्च करावा का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तेलकट_हात

मी बरीच वर्षे केवळ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलण्या-बांधण्याचेच काम करतो. आकड्यांकडे नंतर येऊ. आधी एक गोष्ट पाहा: गाडी तापल्यावर चौथ्यातून पाचव्यात जातानाही रेस अशीच चढते का? आणि चौथा व सहावा गिअर व्यवस्थित लागतात का?

हे विचारण्याचे कारण असे, की सहा गिअरच्या बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पाच क्लच व ब्रेक असतात आणि त्यांतले दोन-दोन वेगवेगळ्या जोड्यांनी पकडून सगळे गिअर तयार होतात. या रचनेत तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स या तिन्हींना एकच क्लच पॅक, म्हणजे एकावर एक रचलेल्या क्लच प्लेटांचा संच, लागतो. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या गिअरमध्ये तो मोकळाच असतो. तुमची लक्षणे तिसऱ्यात आणि रिव्हर्समध्ये आहेत. पाचव्यातही तेच होत असेल, तर संशय त्या एका पॅकवर किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेवर येतो. बाकीचा गिअरबॉक्स ठणठणीत असू शकतो.

आता पॅकच्या प्लेटा जळालेल्या आहेत, की प्लेटा ठीक असून त्यांना दाबणारे तेल पुरेशा दाबाने पोहोचत नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि तुमच्या खर्चाचा फाटा इथेच फुटतो. गाडी तापल्यावर त्रास वाढणे हे गळतीचे लक्षण आहे: गरम तेल पातळ होते आणि कडक झालेल्या सीलमधून किंवा व्हॉल्व्ह बॉडीतल्या (तेल योग्य क्लचकडे वळवणाऱ्या भागातल्या) झिजलेल्या छिद्रातून निसटते. गळती व्हॉल्व्ह बॉडीत किंवा सोलेनॉइडमध्ये (तिथल्या विजेवर चालणाऱ्या झडपेत) असेल, तर पुष्कळ गाड्यांमध्ये तेलाचा पॅन किंवा बाजूचे झाकण काढून ते काम गाडीखालीच होते; गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही आणि बिल रीबिल्डच्या काही अंशावरच थांबते. गळती प्लेटांना दाबणाऱ्या पिस्टनच्या सीलमध्ये असेल किंवा प्लेटा जळालेल्या असतील, तर मात्र गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

हे ठरवायला प्रेशर गेज लावून दाब मोजावा लागतो, आणि तेही गाडी तापलेली असताना. नुसत्या स्कॅनरवर विसंबू नये. ‘पी 0730’ हा कोड दिसला, तर त्याचा अर्थ इतकाच, की संगणकाला अपेक्षित असलेले गिअरचे गुणोत्तर प्रत्यक्षात मिळत नाही. ‘पी 0700’ तर फक्त ‘गिअरबॉक्सच्या संगणकाकडे तक्रार आहे, तिथे विचारा’ एवढेच सांगतो. यांपैकी कोणताही कोड ‘गिअरबॉक्स बदला’ असे सांगत नाही.

शिवाय पॅन काढून आतले चुंबक तुमच्या डोळ्यांदेखत पाहायला सांगा. बारीक, राखाडी, मलमासारखा थर असेल तर घाबरू नका, तो नेहमीच्या झिजेचा असतो. काळी भुकटी आणि तेलाला करपट वास म्हणजे क्लचचे अस्तर जळाले आहे. पितळी रंगाचे कण हे बुश किंवा थ्रस्ट वॉशर झिजल्याचे, आणि बोटाला टोचणारे चंदेरी तुकडे हे बेअरिंग किंवा गिअरचा दात गेल्याचे लक्षण मानावे. पितळ किंवा चंदेरी तुकडे दिसले, तर रीबिल्डचा शंभर हा आकडा तिथेच राहणार नाही, हे गृहीत धरा.

चढाचा_रस्ता

एवढे सगळे करण्याआधी तेल बदलून पाहायला काय हरकत आहे? माझ्या ओळखीत एकाची गाडी केवळ तेल बदलल्यावर सुरळीत झाली.

तेलकट_हात

तेल कमी असेल किंवा चुकीच्या प्रकारचे भरले असेल, तर तसे होऊ शकते, म्हणून पातळी तपासणे ही पहिली पायरी मी मान्य करतो. पण आजच्या पुष्कळ गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, गाडीच्या कंपनीने ठरवून दिलेल्या तापमानाच्या टप्प्यात तेल असतानाच पातळी पाहावी लागते. थंड किंवा अति गरम तेलावर घेतलेली पातळी चुकीची निघते, आणि तेल कमी असो वा जास्त, दोन्हींनी गिअरबॉक्सचे नुकसान होते.

मात्र जळालेले अस्तर नव्या तेलाने परत येत नाही. तेलात घालायच्या बाटल्यांनी सील काही काळ फुगतात आणि त्रास थोडा मागे पडतो. तेवढ्या वेळात घसरणाऱ्या प्लेटा ज्यात बसतात तो ड्रमही जाळून घेतात, आणि मग बिल वाढते. घसरण सुरू झाल्यानंतर गाडी जितकी जास्त चालवाल तितके सुटे भाग जास्त लागतील, एवढे ध्यानात ठेवावे.

रस्तामापी

आपण सांगितल्याप्रमाणे तपासले. गाडी तापल्यावर चौथ्यातून पाचव्यात जाताना रेस थोडी चढते. आजवर माझे तिकडे लक्षच गेले नव्हते. चौथा आणि सहावा अगदी नीट लागतात. प्रेशर टेस्टसाठी पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे.

एक शंका आहे. दोष एकाच पॅकमध्ये असेल, आणि मी चौकशी केली त्यानुसार त्या प्लेटा फार महागही नसतील, तर रीबिल्डचा खर्च इतका का? केवळ तेवढ्या प्लेटा बदलून का भागत नाही?

तेलकट_हात

प्लेटांची किंमत हा बिलातला लहान भाग असतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स इंजिनला आडवा जोडलेला असतो. तो काढायचा म्हणजे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट बाहेर काढायचे, इंजिनला वरून आधार द्यायचा, पुष्कळदा सबफ्रेम खाली उतरवायची, आणि काम झाल्यावर हे सगळे उलट क्रमाने जुळवून चाकांचे अलाइनमेंट तपासायचे. आत एक प्लेट बदला किंवा सगळ्या, ही मजुरी तेवढीच लागते. म्हणून एकदा गिअरबॉक्स टेबलावर आला, की एकच पॅक बदलून तो पुन्हा चढवणे म्हणजे त्याच मजुरीची दुसऱ्यांदा तयारी करून ठेवण्यासारखे आहे.

नीट केलेल्या रीबिल्डमध्ये काय येते ते सांगतो, कारण ‘रीबिल्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कामांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. सगळी सील, गॅस्केट आणि ओ-रिंग, सर्व पॅकच्या अस्तराच्या प्लेटा आणि त्यांच्यामधल्या स्टीलच्या प्लेटा, रबर जोडलेले पिस्टन, फिल्टर आणि झिजलेले बुश हे सर्व नवे पडले पाहिजे. पंपाच्या गिअरमधली फट मोजली पाहिजे. प्रत्येक पॅक जुळवल्यावर फीलर गेजने त्याची फट पाहून ती ठरलेल्या मर्यादेत आणली पाहिजे, आणि केसिंग बंद करण्याआधी प्रत्येक पिस्टनला हवेचा दाब देऊन तो खरोखर हलतो व धरतो याची खात्री केली पाहिजे. नव्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवून ठेवाव्या लागतात. कोरड्या प्लेटा पहिल्याच फेरीत करपतात. घाईच्या कामात नेमक्या याच पायऱ्या गाळल्या जातात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्या गाळल्याचे कधीच कळत नाही.

दुसरे म्हणजे, तुमचे तिसरे आणि पाचवे घसरले हा परिणाम आहे. प्लेटा का जळाल्या याचे उत्तर न शोधता नव्या घातल्या, तर त्याही जळणार. पिस्टनचे सील चिरलेले असते, ड्रमच्या आतली तेलाची वाट अडवणाऱ्या रिंगांनी ड्रमला खाचा पाडलेल्या असतात, किंवा व्हॉल्व्ह बॉडी दाब कमी देत असते. चांगला मेकॅनिक गिअरबॉक्स बांधण्यापेक्षा हे कारण शोधण्यात जास्त वेळ घालवतो, आणि तुमच्या शंभरातला बराच हिस्सा त्या शोधाचा असतो, निदान असायला हवा.

ड्रम, पंप, प्लॅनेटरी गिअर यांना आम्ही ‘हार्ड पार्ट्स’ म्हणतो. कोटेशनमध्ये हे बहुधा धरलेले नसतात, कारण खोलल्याशिवाय ते दिसत नाहीत. म्हणून खोलल्यानंतर जास्तीत जास्त किती वाढ होऊ शकेल, याची वरची मर्यादा आधीच लिहून घ्या. पंचावन्न, शंभर आणि एकशे पासष्ट यांतला फरक बराचसा असा आहे, की पहिल्यात जोखीम तुमची, दुसऱ्यात वाटून घेतलेली आणि तिसऱ्यात कारखान्याची. रीमॅन्युफॅक्चर्ड गिअरबॉक्स पूर्ण सुटा करून, मापे तपासून, त्या मॉडेलच्या ज्ञात उणिवा सुधारून आणि यंत्रावर चालवून पाहून पाठवलेला असतो, असे अपेक्षित आहे. त्यावर तुमचा जुना गिअरबॉक्स परत करण्याची अट आणि त्यापोटी अनामत असते. जुन्याचे केसिंग फुटलेले असेल, तर अनामत परत मिळत नाही. तुमच्या एकशे पासष्टमध्ये ही अनामत धरली आहे का, हे जरूर विचारा.

दुसरा_मालक

पंचावन्नच्या पर्यायाबद्दल सांगतो, कारण मी तो स्वीकारला होता आणि माझी गाडी आजही त्याच गिअरबॉक्सवर चालते. वापरलेला गिअरबॉक्स म्हणजे सरसकट फसवणूक, असे मला वाटत नाही. मात्र त्या पंचावन्नमधला मोठा भाग मजुरीचा आहे, हे विसरू नका. वस्तू बिघडली तर विक्रेता फार तर दुसरी वस्तू देतो; उतरवणे-चढवणे, नवे तेल आणि गाडी बंद राहण्याचे दिवस तुमच्या माथी. म्हणून वॉरंटीमध्ये मजुरी धरली आहे का, एवढा एकच प्रश्न विचारला तरी विक्रेत्याचा आपल्या मालावर किती विश्वास आहे ते समजते.

गिअरबॉक्सवरच्या पट्टीचा कोड तुमच्या गाडीशी तंतोतंत जुळला पाहिजे. बाहेरून सारखे दिसणारे दोन गिअरबॉक्स आतल्या गुणोत्तरांत किंवा संगणकात वेगळे असतात. काही गाड्यांत गिअरबॉक्सचा संगणक गाडीच्या चॅसी क्रमांकाशी बांधलेला असतो आणि कोडिंग केल्याशिवाय गाडी चालतच नाही, तेव्हा त्याचा खर्च कोण करणार हेही आधीच ठरवावे. मी माल घेण्याआधी त्यातले थोडे तेल पांढऱ्या कागदावर ओतून पाहिले होते: लालसर तपकिरी, वास नाही, कण नाहीत. गिअरबॉक्स बाहेर असतानाच कन्व्हर्टरच्या तोंडाचे आणि दोन्ही शाफ्टचे सील बदलून घेतले, कारण तेव्हा ते हाताशी असतात आणि नंतर एका सीलसाठी पुन्हा सगळे उतरवावे लागते.

एवढे मात्र मान्य करतो, की तुमच्या मॉडेलमध्ये हा पॅक जाणे ही नेहमीची तक्रार असेल, तर तितक्याच किलोमीटरच्या वापरलेल्या गिअरबॉक्समध्ये तोच आजार दबा धरून बसलेला असू शकतो.

शांत_ब्रेक

विषयाला धरूनच विचारतो. माझ्याकडे सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक गाडी, आहे. वरचा सल्ला तिलाही लागू होतो का?

तेलकट_हात

अर्धाच लागू होतो. निदान आधी, खर्च नंतर, हे तिथेही तसेच. पण सीव्हीटीमध्ये स्टीलचा पट्टा दोन शंकूंच्या पुलींमध्ये दाबून ताकद पोहोचवतो, आणि एकदा पुलीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडे पडले, की नुसता पट्टा बदलून उपयोग होत नाही. पट्टा आणि पुल्या दोन्ही बदलाव्या लागतात. तो खर्च इतका वाढतो, की बहुतेक वर्कशॉप पूर्ण युनिटच बदलतात. ड्युअल क्लचमध्ये परिस्थिती उलटी असते: आतले गिअर सहसा शाबूत असतात आणि क्लच किंवा मेकाट्रॉनिक (व्हॉल्व्ह बॉडी आणि संगणक यांचे एकत्र युनिट) स्वतंत्रपणे बदलता येतो, त्यामुळे तिथे कोणी थेट पूर्ण गिअरबॉक्स बदलायला सांगितला, तर दुसरे मत घ्यावे. मॅन्युअलचा प्रश्न सर्वांत सोपा. सिंक्रो रिंग आणि बेअरिंग बदलून तो पुष्कळदा वर्षानुवर्षे चालतो.

जमाखर्च

गाडीवर खर्च करावा की नाही, या मूळ प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. ‘दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक झाला, तर गाडी विकून टाकावी’ असा नियम पुष्कळदा ऐकवला जातो. मला तो चुकीचा वाटतो, कारण त्यात तुलना चुकीच्या किमतीशी केली जाते.

समजा, तुमच्याच मापाने, सुस्थितीतल्या अशा गाडीला बाजारात एकशे ऐंशी मिळतात. शंभर हे निम्म्याहून अधिक झाले, म्हणजे नियमाप्रमाणे विकायला हवी. पण आहे त्या स्थितीत, घसरत्या गिअरबॉक्ससह, ती विकायला गेलात तर एकशे ऐंशी कोणीच देणार नाही. घेणारा स्वतःचा दुरुस्तीखर्च, जोखीम आणि नफा वजा करूनच भाव करील. समजा त्याने साठ देऊ केले. तर शंभर खर्चून तुम्ही साठची वस्तू एकशे ऐंशीची करता. तुलना या दोन किमतींमधल्या फरकाशी करायची असते.

दुसरी बाजू पर्यायाची आहे. साठ हातात घेऊन दुसरी जुनी गाडी घेतली, तर तिच्या गिअरबॉक्सबद्दल तुम्हाला काहीच माहिती नसेल. सध्याच्या गाडीचे इंजिन आणि इतर भाग ठीक आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि त्या माहितीलाही मोल आहे. मात्र सहा महिन्यांत टायर, टायमिंग बेल्ट, सस्पेन्शन असे मोठे खर्च समोर उभे असतील, तर ते आत्ताच या हिशेबात धरा. गिअरबॉक्सवर मोठी रक्कम घातल्यानंतर ‘आता इतके घातलेच आहेत’ म्हणून पुढचा प्रत्येक खर्च मनाला पटत जातो. आणि गाडी तुम्ही आणखी वर्षभरच वापरणार असाल, तर एकशे पासष्टचा विचार सोडून द्या. लांब वॉरंटीचा लाभ पुढच्या मालकाला होईल आणि तो त्यासाठी वेगळे पैसे देणार नाही.

रस्तामापी

सर्वांचे आभार. प्रेशर टेस्ट झाली. गाडी थंड असताना सगळे दाब मर्यादेत होते. तापल्यावर मुख्य दाब स्थिर राहिला, पण त्या एका क्लचच्या वाटेवरचा दाब तिसऱ्यात आणि रिव्हर्समध्ये खाली येतो. व्हॉल्व्ह बॉडी काढून तपासली, तिची छिद्रे आणि सोलेनॉइड ठीक निघाले. पॅनमधल्या चुंबकावर काळी भुकटी होती. पितळी किंवा चंदेरी कण नव्हते. म्हणजे गळती आत, पिस्टन किंवा ड्रमच्या बाजूला आहे आणि गिअरबॉक्स उतरवावा लागणार.

गाडी अजून चार-पाच वर्षे वापरायची आहे, म्हणून शंभरवाल्या वर्कशॉपकडून रीबिल्ड करून घ्यायचे ठरवले आहे. हार्ड पार्ट्ससाठी वाढीची मर्यादा वीस अशी त्यांनी लिहून दिली, वॉरंटीत मजुरी धरली आणि काढलेले भाग दाखवायचे कबूल केले. दोन गोष्टी मात्र ते ‘ऐच्छिक’ म्हणून वेगळ्या लावत आहेत: टॉर्क कन्व्हर्टर बदलणे आणि तेलाचा कूलर साफ करणे. दोन्हींचे मिळून आणखी अठरा होतात. हे टाळले तर चालेल का?

तेलकट_हात

कूलर अजिबात टाळू नका. जळालेल्या अस्तराची भुकटी तेलाबरोबर फिरत कूलरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते आणि नव्या गिअरबॉक्समध्ये परत येते. नळ्या चोंदल्या तर तेल तापते आणि नव्या सीलचे आयुष्य घटते. कूलर रेडिएटरच्या आत असेल, तर तो फुटलेला नाही याचीही खात्री करून घ्या, कारण कूलंट तेलात मिसळले की अस्तर प्लेटांपासून सुटते. तुमच्या तेलात गुलाबी फेसासारखे काही दिसलेले नाही, तेव्हा ती शक्यता कमी आहे. साफ होण्याजोगा नसेल, तर कूलर नवा घ्या.

टॉर्क कन्व्हर्टर वेल्डिंगने बंद केलेला असतो, त्यामुळे तो नुसता धुऊन आतली घाण पूर्ण निघत नाही. तो कापून, आतले लॉक-अप क्लचचे अस्तर बदलून, पुन्हा वेल्ड व बॅलन्स करावा लागतो. भुकटी निघाली आहे आणि गाडी दहा वर्षांची आहे, म्हणून मी तो बदलेन. बसवताना कन्व्हर्टर पंपात पूर्ण आत गेला आहे की नाही हे तपासल्याशिवाय बोल्ट आवळू नयेत, असे त्यांना निःसंकोच सांगा. अर्धवट बसलेला कन्व्हर्टर बोल्टने ओढून घेतला, की पंप तिथल्या तिथे फुटतो.

काम झाल्यावर गिअरबॉक्सच्या संगणकातली जुनी शिकवण पुसून अडॅप्टेशन, म्हणजे नव्या प्लेटांची ओळख, करून घ्या. नाहीतर तो झिजलेल्या प्लेटांच्या हिशेबाने नव्या प्लेटांना दाब देत राहील आणि चांगले कामही झटके देते आहे असे वाटेल. सुरुवातीच्या काळात जोरात ॲक्सिलरेटर दाबू नका, आणि वर्कशॉपने सांगितलेल्या अंतरानंतर गाडी पुन्हा नेऊन तेलाची पातळी तापमान पाहून तपासून घ्या.

रस्तामापी

ठीक आहे, दोन्ही कामे कोटेशनमध्ये घालून घेतो. अडॅप्टेशन त्यात आधीच धरले आहे की नाही, तेही आजच विचारतो.